पाऊस दडतो कुठे?

मूर्तिजापूरच्या शिवारात ऑगस्टमध्ये पाऊस उघडला, की पहिले दोन-तीन दिवस माणसे सुखावतात. झडीने चिंब झालेले रान वाफशावर येते, डवरे जुंपले जातात, निंदणाच्या बाया सोयाबीनच्या ओळींत उतरतात. आठव्या दिवशी कोणीतरी वर पाहते. दहाव्या दिवशी काळ्या मातीला केसाएवढी चीर पडते. पंधराव्या दिवशी त्या चिरेत बोट जाते, विसाव्या दिवशी अख्खा पंजा. कपाशी दुपारी माना टाकते आणि संध्याकाळी सावरते. मग एक संध्याकाळ अशी येते की ती सावरत नाही. सकाळी झाडाखाली पात्याफुलांचा सडा पडलेला असतो. जूनमध्ये पेरणी वेळेवर साधलेली असते, जुलैत नाले दुथडी वाहिलेले असतात, तालुक्याच्या पर्जन्यमापकात पाऊस सरासरीला टेकलेला असतो, आणि तरीही वीस दिवसांत हंगाम हातचा जातो. बांधावर उभा असलेला म्हातारा एवढेच म्हणतो, "पानी कुठी दडून बसलं बाप्पा?"

वऱ्हाडात याला 'खंड' म्हणतात. जगभरचे शास्त्रज्ञ आता याला 'फ्लॅश ड्रॉट' म्हणू लागले आहेत. आपण झपाट्याचा दुष्काळ म्हणू. नेहमीचा दुष्काळ महिनोन्‌महिने पाय रोवत येतो. हा मात्र झडप घालतो.

मूर्तिजापूरला ही झडप जरा जास्तच जिव्हारी लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. पिकाला दिले तर पीक जळते आणि जमीन चोपण होते. गोड्या पाण्याच्या मुलखातला शेतकरी खंड पडला की मोटार सुरू करतो आणि दोन पाळ्या देऊन पीक वाचवतो. इथल्या शेतकऱ्याच्या पायाखाली पाणी असूनही तो आभाळाकडेच पाहत राहतो. त्यात ही चिकणमाती ओल धरून ठेवण्यात जितकी चिवट, तितकीच ती मुळांना सोडण्यात कंजूष. मातीत थोडी ओल शिल्लक असते आणि झाड तहानेने वाळत असते. म्हणून त्या म्हाताऱ्याचा प्रश्न या मातीत जगण्यामरण्याचा आहे. त्याचे उत्तर सापडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ज्यांनी ते शोधले, त्यांतले एक नाव पुण्यात जन्मलेल्या एका मराठी बाईचे आहे.

कहाणी सुरू होते ती कलकत्त्याला. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. खाते बाळसे धरते न धरते तोच १८७६ ते ७८ चा महादुष्काळ कोसळला. ब्लॅनफर्ड आकड्यांच्या मागे लागले. देशभरातली पर्जन्यमापके, हवेचा दाब, वाऱ्याच्या दिशा असे जे हाती येईल ते ते मांडत गेले. १८८६ साली भारतातल्या पावसावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी एक निरीक्षण नोंदवून ठेवले. ऐन पावसाळ्यात मैदानी मुलखावरचा पाऊस कधीकधी एकाएकी थांबतो. अशा वेळी एरवी मध्य भारतावर पसरलेला कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन टेकतो, आणि तिथे मात्र धो धो कोसळतो. खंड म्हणजे पाऊस संपला असे नव्हे, पावसाने जागा बदलली, हा पहिला धागा तेव्हा हाती लागला होता. तो पुढे ओढायला मात्र कोणी उरले नाही. राज्यकर्त्यांना वेगळ्याच प्रश्नाची घाई होती.

ती घाई समजण्यासारखी होती. १८९९ च्या अवर्षणाची चाहूल त्या काळच्या अंदाजांना लागली नाही, आणि त्या साली वऱ्हाडात माणसे आणि गुरे किडामुंगीसारखी मेली. सरकारला हवे होते ते एकच उत्तर: यंदा पाऊस किती पडणार? १९०४ साली केंब्रिजचे नामांकित गणिती गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याच्या प्रमुखपदी आले. कारकुनांच्या फौजेकडून जगभरच्या नोंदींची आकडेमोड करून घेता घेता त्यांना पॅसिफिक महासागरावरच्या हवेच्या दाबाचा तो प्रचंड झोका सापडला, ज्याचे नाते पुढे एल निनोशी जुळले. शोध अव्वल दर्जाचा होता, पण त्याची नजर चार महिन्यांच्या बेरजेवर होती. बेरजेत खंड दिसत नाही. जूनमध्ये धबाधबा पडून ऑगस्टमध्ये कोरडा गेलेला पावसाळा आणि सर्वत्र सारखा शिंपडलेला पावसाळा, दोघांची बेरीज एकच येऊ शकते. सरकारी पैसेवारीही हाच चष्मा लावून बसली. पीक हाती आल्यावर मोजायचे, पन्नास पैशांच्या आत भरले तर दुष्काळ म्हणायचा. पीक कोणत्या आठवड्यात मेले याची नोंद ठेवायला त्यात रकाना नव्हता.

वॉकर यांचेच एक सहकारी जॉर्ज सिम्प्सन. हा माणूस कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर हवामानतज्ज्ञ म्हणून जाऊन आलेला. १९२१ साली त्यांनी एक साधा प्रश्न विचारून मोसमी पावसाच्या सर्वमान्य सिद्धांताला हादरा दिला. शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत की उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे जमिनीकडे धावतात. १६८६ साली एडमंड हॅली यांनी मांडलेली ही कल्पना. सिम्प्सन म्हणाले, मग जमीन सर्वांत तापलेली असते मे महिन्यात, तेव्हा पाऊस का येत नाही? ज्या साली पाऊस कमी पडतो त्या साली जमीन जास्तच तापलेली असते, मग त्या वर्षी पाऊस जास्त का पडत नाही? मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. खंडातल्या ऑगस्टचे ऊन वैशाखासारखे भाजते आणि ढग काही येत नाहीत. पण शास्त्राच्या दरबारात हा काटा सिम्प्सन यांनी रुतवला, आणि तो पन्नासहून अधिक वर्षे तसाच सलत राहिला.

मधल्या काळात काही माणसे मुकाट्याने खपत होती. हवामान खात्याचे के. रामामूर्ती यांनी १८८८ ते १९६७ अशा ऐंशी वर्षांचे जुलै-ऑगस्टचे नकाशे चाळून प्रत्येक खंडाची कुंडली मांडली. कोणत्या तारखेला सुरू झाला, किती दिवस टिकला. बहुतेक खंड आठवड्याच्या आत मिटणारे, थोडे मात्र दोन-तीन आठवडे ठाण मांडून बसणारे. १९६९ साली ही यादी छापली गेली. यादी नेटकी होती, पण 'का' या शब्दाला तिच्यात उत्तर नव्हते. तिकडे अमेरिकेत रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन हे दोघे पॅसिफिकमधल्या कँटन नावाच्या चिमुकल्या बेटावरच्या फुग्यांच्या नोंदी तपासत होते. १९७१ साली त्यांना तिथल्या वाऱ्यांत चाळीस-पन्नास दिवसांनी परत येणारी एक लय आढळली. पॅसिफिकमधल्या त्या ठिपक्याचा आणि वऱ्हाडातल्या कपाशीचा काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसावे.

त्याच १९७१ साली सुलोचना गाडगीळ भारतात परतल्या.

१९४४ साली पुण्यात जन्मलेल्या सुलोचनाबाईंनी हार्वर्डमधून उपयोजित गणितात डॉक्टरेट मिळवली ती अटलांटिक महासागरातल्या गल्फ स्ट्रीम या प्रवाहाच्या वळणांवर. नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये त्या ज्यूल चार्नी यांच्याकडे काम करत होत्या. चार्नी म्हणजे हवामानाच्या गणिताचे त्या काळचे भीष्माचार्य. पती माधव गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ. दोघांनाही तिकडे राहणे अवघड नव्हते. दोघेही परत आले आणि सुलोचनाबाई पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, महाराष्ट्र होरपळला. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणारी माणसे, छावण्यांतली गुरे, लाल मिलो ज्वारी. त्या पिढीच्या मनावर ते साल डागणी दिल्यासारखे उमटले आहे. समुद्राच्या प्रवाहांचे गणित सोडवणाऱ्या या बाईने आपले उरलेले आयुष्य मोसमी पावसाला वाहिले, याचा त्या सालाशी संबंध नसेल असे मला वाटत नाही.

पुण्याच्या संस्थेतच त्यांना देवराज सिक्का भेटले. सिक्का हवामान खात्यात तयार झालेले. हजारो नकाशे हाताखालून गेलेले, ढगांचा एक फटकारा पाहून पुढच्या दोन दिवसांबद्दल बोलू शकणारे. एकाकडे गणित, दुसऱ्याकडे नजर. १९७३ मध्ये सुलोचनाबाई बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तरी ही जोडी तुटली नाही. दोघांपुढे प्रश्न एकच होता: पावसाळ्यातल्या ढगांचा जो मुख्य पट्टा, तो रोज नेमका कुठे असतो?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. आधीच्या पिढ्यांना विचारता येण्यासारखाही नव्हता, कारण त्यांना समुद्रावर डोळे नव्हते. पर्जन्यमापक जमिनीवर असतो. पाऊस किनारा सोडून समुद्रात गेला, की तो नोंदवहीतून नाहीसा होई. आता मात्र अमेरिकी उपग्रह पृथ्वीभोवती घिरट्या घालत होते आणि ढगांची रोजची छायाचित्रे मिळू लागली होती. करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची, आजच्या मानाने अगदीच अंधूक. सिक्का आणि गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ अशी पाच वर्षे निवडली, प्रत्येक वर्षाचे एप्रिल ते ऑक्टोबर हे महिने घेतले आणि ७० ते ९० अंश पूर्व रेखांशांदरम्यानचा पट्टा आखून घेतला. मूर्तिजापूरचे रेखांश ७७, म्हणजे आपले गाव या पट्ट्यात अगदी आतच. हजाराहून अधिक दिवस. रोजचे चित्र पाहायचे, ढगांचा सर्वांत दाट पट्टा कोणत्या अक्षांशावर आहे ते ठरवायचे, कागदावर खूण करायची, उद्याचे चित्र घ्यायचे. या कामात थरार नसतो. असते ती दळण दळण्यासारखी चिकाटी.

त्या काळची समजूत अशी: ढगांचा हा पट्टा उन्हाळ्याच्या अखेरीस समुद्रावरून निघतो, जूनमध्ये भारतावर चढतो, चार महिने मुक्काम करतो आणि सप्टेंबरनंतर परत फिरतो. वर्षातून एकदा येणे, एकदा जाणे. समजूत खरी असती, तर आडव्या अक्षावर तारखा आणि उभ्या अक्षावर अक्षांश मांडल्यावर कागदावर एक चढण, मग सपाट पठार आणि शेवटी एक उतार दिसायला हवा होता.

कागदावर दिसले ते वेगळेच. ढगांचे पट्टे दोन होते. एक जमिनीवर, १५ अक्षांशाच्या उत्तरेला. दुसरा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर, शून्य ते दहा अक्षांशांच्या दरम्यान. जमिनीवरचा पट्टा काही दिवस जोमाने बरसे, मग विरत जाई, पुसला जाई. तेच मध्य भारतातले खंडाचे दिवस. अशा वेळी दूर दक्षिणेला, जिथे एकही पर्जन्यमापक नव्हता त्या समुद्रावर, दुसरा पट्टा दाटून येई. आणि मग खुणांच्या ओळी तिरप्या चढू लागत. समुद्रावरचा पट्टा जागचा हले, दिवसामागून दिवस उत्तरेकडे सरके, किनारा ओलांडे आणि मध्य भारतावर येऊन स्थिरावे. पुन्हा पाऊस. हे पावसाळ्यात एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घडत होते, दर दोन ते सहा आठवड्यांनी. जमिनीवरचा पट्टा स्वतःच्या बळावर महिनाभराहून अधिक तगच धरू शकत नव्हता. दक्षिणेकडून ताजी कुमक आली नाही, तर तो मावळणार हे ठरलेले.

बांधावरच्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर उमटले होते. पाऊस समुद्रावर जाऊन दडत होता. जून महिन्यात मॉन्सून 'येतो' ही एकच घटना आपण साजरी करतो. प्रत्यक्षात तो हंगामात तीन-चारदा नव्याने येतो, आणि या येण्यांमधले अंतर वाढले, एखादी खेप चुकली, की मूर्तिजापूरच्या मातीला भेगा पडतात. सिम्प्सन यांचा काटाही इथेच निघाला. मॉन्सून म्हणजे नुसता जमीन-समुद्रातला अवाढव्य खारा वारा नव्हे. विषुववृत्ताभोवती पृथ्वीला कमरपट्ट्यासारखा वेढणारा जो ढगांचा पट्टा आहे, तोच ऋतूनुसार उत्तरेला सरकून आपल्या डोक्यावर येतो. हा निबंध १९८० साली अमेरिकेतल्या एका नामांकित हवामान मासिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, १९७९ साली, जपानच्या तेत्सुझो यासुनारी यांनीही उपग्रहांच्या चित्रांवरून ढगांच्या उत्तरेकडे सरकण्याची, सुमारे चाळीस दिवसांची लय स्वतंत्रपणे टिपली होती. एकमेकांपासून हजारो मैलांवर बसलेली माणसे एकाच दारापाशी येऊन पोचली होती.

निबंध छापून यायच्या आधीच निसर्गाने त्याची परीक्षा घेतली. १९७९ च्या उन्हाळ्यात जगभरचे हवामानशास्त्रज्ञ भारताकडे लोटले. 'मोनेक्स' नावाची प्रचंड आंतरराष्ट्रीय मोहीम होती. मॉन्सूनचे संपूर्ण चरित्र एका हंगामात टिपायचे म्हणून जहाजे, संशोधक विमाने, फुगे असा सरंजाम जमला. वर्षानुवर्षे तयारी केली होती. आणि मॉन्सूनच रुसला. उशिरा आला, मध्येच थबकला, लांब लांब खंड पडत गेले. देशभराचा पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी भरला. पण या दुर्दैवातूनच हाती घबाड आले. इतक्या उपकरणांच्या पहाऱ्यात यापूर्वी कधीही खंड सापडला नव्हता. फ्लोरिडात काम करणारे टी. एन. कृष्णमूर्ती आणि त्यांचे सहकारी डी. सुब्रह्मण्यम यांनी १९८२ साली दाखवले की वाऱ्यांच्या लाटाही विषुववृत्ताकडून हिमालयाकडे सरकत होत्या, दिवसाला सुमारे पाऊण अक्षांश. म्हणजे साधारण ऐंशी किलोमीटर. मूर्तिजापूरहून अचलपूरला एकेकाळी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचा मार्ग ७६ किलोमीटरचा आहे. ज्या गाडीने वऱ्हाडातला कापूस वाहिला, तिच्या रुळांएवढे अंतर ढगांची ही लाट दिवसभरात उत्तरेला कापते. हिशेब करून पाहिला तर विषुववृत्तावरून निघून आपल्या गावापर्यंत यायला तिला चारेक आठवडे लागतात. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला, तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो होतो. आषाढातल्या खंडात जो पाऊस आपण मागत असतो, तो कदाचित त्याच क्षणी श्रीलंकेच्या दक्षिणेला निघण्याच्या तयारीत असतो.

१९७९ हे साल लक्षात ठेवावे. ते या कथेत पुन्हा येणार आहे.

१९८७ च्या दुष्काळानंतरची चौदा वर्षे पावसाने देशाला सावरून घेतले. १९८८ साली वसंत गोवारीकर यांनी सोळा घटकांवर आधारलेले अंदाजाचे सूत्र दिले आणि हंगामी अंदाजावरचा विश्वास दुणावला. मग उजाडला जुलै २००२. अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता. प्रत्यक्षात जुलै महिना देशभर निम्मा कोरडा गेला. दुबार पेरणीचे बियाणे घ्यायला पैसे नाहीत, आणि घेतले तरी पेरायला ओल नाही, अशी कोंडी झाली. गोवारीकरांचे सूत्र बाजूला ठेवावे लागले. सुलोचनाबाई तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनी पुन्हा समुद्रावरच्या ढगांकडे मोर्चा वळवला. त्यांना छळणारी विसंगती अशी: १९९७ साली शतकातल्या सर्वांत बलाढ्यांपैकी एक एल निनो होता, तरी पाऊस सरासरीइतका पडला. २००२ चा एल निनो त्यामानाने मध्यम, आणि दुष्काळ मात्र भीषण. उत्तर हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय भागात मिळाले. ढग त्या समुद्राच्या पश्चिम अंगाला, आफ्रिकेच्या बाजूला दाटले, तर भारताला लाभतात. पूर्वेला, सुमात्राच्या बाजूला दाटले, तर आपला घास हिरावून घेतात. १९९७ साली हा झोका आपल्या बाजूने होता, २००२ साली उलटा. या शोधावरच्या २००४ च्या निबंधाच्या लेखकांत सुलोचनाबाईंच्या नावासोबत त्यांच्या गणितज्ञ मुलाचे, सिद्धार्थ यांचेही नाव आहे.

पाऊस कुठे जातो हे आता कळले होते. तो गेल्यावर जमीन इतक्या झपाट्याने का करपते, हे उलगडायचे राहिले होते. त्याचा धागा निघाला तो समशीतोष्ण अमेरिकेतून, जिथे मॉन्सून नाही, आषाढ नाही, खंड हा शब्दही नाही. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात मार्क स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी दर आठवड्याला देशाचा दुष्काळ-नकाशा काढत. नकाशावर दुष्काळ हळूहळू पसरतो, अशी त्यांची सवय झालेली. पण काही दुष्काळ आठवड्या-दोन आठवड्यांत पायरी ओलांडून उडी मारत होते. २००२ साली त्यांनी छापील निबंधात 'फ्लॅश ड्रॉट' हा शब्द वापरला. इकडे आपला जुलै करपत होता आणि तिकडे त्या दुखण्याचे बारसे होत होते. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यावर असा दुष्काळ कोसळला. मे महिन्यात पीक डौलात उभे, जुलैच्या अखेरीस कणसे पोचट. हंगामाच्या सुरुवातीच्या अंदाजांत त्याची कुणकुणही नव्हती.

शास्त्रज्ञांना तेव्हा उमगले की या दुष्काळात आरोपी दोन असतात. पाऊस थांबतो, हा एक. दुसरा म्हणजे हवाच तहानलेली होते. आभाळ मोकळे, ऊन कडक, वारा कोरडा. अशी हवा पानापानांतून आणि मातीच्या कणाकणांतून पाणी ओढून घेते. माती वाळली की ऊन पाणी सुकवण्यात खर्ची पडत नाही, ते सगळे तापवण्यात जाते. हवा आणखी तापते, आणखी ओढते. मग झाड घाम गाळणे थांबवते, पानांची छिद्रे मिटून घेते आणि तापाने फणफणते. अमेरिकी कृषी खात्यातल्या मार्था अँडरसन यांनी उपग्रहांकरवी हा ताप मोजण्याची पद्धत बसवली. शेत डोळ्यांना हिरवे दिसत असते, दुष्काळ-नकाशा कोरा असतो, तेव्हाच त्या नकाशावर पिकाचा ताप चढलेला दिसतो. कधीकधी काही आठवडे आधी. आपल्याकडची आजी दुपारी कपाशीच्या पानाला हात लावून 'तापली' म्हणायची, ती याच खुणेवरून.

या दोन्ही धाग्यांची गाठ बसली ती गांधीनगरच्या आयआयटीमध्ये. विमल मिश्र, शांतिस्वरूप महतो आणि सरन आधार यांनी पाऊस मोजायचे सोडून मुळांच्या खोलीवरची ओल हिशेबात धरली. १९५१ ते २०१६ अशी ६६ वर्षे. इतक्या वर्षांची मातीतली ओल कोणी मोजून ठेवलेली नव्हती, म्हणून संगणकावर माती उभी केली, तिच्यावर त्या त्या दिवसाचा पाऊस पाडला, त्या त्या दिवसाचे ऊन तापवले, आणि ओल कशी उतरते ते पाहिले. निष्कर्ष स्पष्ट निघाले. भारतातले झपाट्याचे दुष्काळ बहुतांशी उन्हाळ्यात नाही, ऐन पावसाळ्यात पडतात. पाऊस थांबलेला खंड आणि खंडातले वाढलेले तापमान, दोघे मिळून ओल ओरबाडतात. आणि सगळ्या वर्षांत सर्वांत भीषण ठरले ते १९७९. देशाच्या ४० टक्क्यांहून अधिक भागाला त्याने ग्रासले होते. मोनेक्सची विमाने ज्या आभाळात उडत होती, त्या आभाळाखालीच हे घडत होते. ते ओळखायला २०२१ साल उजाडावे लागले. त्याच निबंधात पुढचाही हिशेब आहे: तापमान असेच चढत राहिले, तर शतकाच्या अखेरीस १९७९ सारख्या दुष्काळांची वारंवारता सुमारे सातपट होईल.

या क्षेत्रात रुळलेली एक कसोटी सांगण्यासारखी आहे. मुळांजवळची ओल वीस दिवसांच्या आत ठरावीक पायऱ्या कोसळली, तर तो झपाट्याचा दुष्काळ. आपल्याकडे २०२३ च्या खरिपात पीकविम्याचा एक निकष होता: पावसाचा खंड २१ दिवसांच्या पुढे गेला, की २५ टक्के आगाऊ भरपाई. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीहून ३६ टक्के कमी, आणि राज्यातली शेकडो महसूल मंडळे त्या २१ दिवसांच्या रेषेपलीकडे गेली. संगणकाने काढलेले वीस दिवस आणि सरकारी कागदावरचे एकवीस. दोन्हींच्या मागे तीच भेगाळलेली माती आहे. फरक इतकाच, की कागद पंचनामा मागतो आणि पंचनामा भेगा पडल्यावरच होतो.

म्हणून सर्वांत मोलाचा प्रश्न उरतो तो आधी सांगता येण्याचा. इथेच सिक्का-गाडगीळ यांच्या तिरप्या रेषा पुन्हा कामी आल्या. पाऊस कुठून निघतो आणि कोणत्या वेगाने चढतो हे कळल्यावर तो वाटेत कुठे आहे हे पाहणे शक्य झाले. पुण्याच्या त्याच संस्थेत बी. एन. गोस्वामी, ए. के. सहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते चार आठवडे पुढचे पाहण्याची पद्धत अनेक वर्षे खपून घडवली. आज हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा नकाशा काढते. पहिल्या दोन आठवड्यांत तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो, नंतर धूसर होत जातो. पण खारपाणपट्ट्यात दोन आठवडे पुष्कळ असतात. तेवढ्यात डवरणी करून भेगा बुजवता येतात, युरियाची मात्रा थांबवता येते, आणि शेततळ्यात साठवलेले गोडे पाणी आज द्यायचे की फुलोऱ्यासाठी राखायचे हे ठरवता येते.

सुलोचनाबाई जुलै २०२५ मध्ये गेल्या. त्यांच्या कामाचा एक भाग आंध्रातल्या अनंतपूरच्या भुईमूग शेतकऱ्यांसोबत झाला होता. पेरणी कोणत्या आठवड्यात केली, तर शेंगा भरण्याचे दिवस खंडात सापडत नाहीत, याचा हिशेब त्यांनी त्यांच्यासोबत बसून मांडला होता. मूर्तिजापूरच्या सोयाबीनचा, तुरीचा, कपाशीचा, या खाऱ्या विहिरींच्या आणि चोपण मातीच्या गावाचा, गावनिहाय असा हिशेब अजून मांडायचा आहे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ इथून तासाभराच्या अंतरावर आहे. आश्लेषा कोरडी चालली आहे. सकाळी कपाशीच्या ओळीत हात घातला, तर चिरेत अजून बोटाचे पहिलेच पेर जाते. गुरुवारच्या नकाशावर दक्षिणेला, श्रीलंकेच्या खाली, एक हिरवा पट्टा उमटला आहे.